रोहित्र मागण्याआधी: गावाची लघुदाब वीजवाहिनी कोणत्या क्रमाने सुधारावी

ग्रामसभेत विजेचा विषय निघाला की ठराव बहुतेक वेळा एका ओळीचा होतो: शंभरच्या जागी दोनशे केव्हीए क्षमतेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) मिळावे. ठराव मंजूर होतो, वर्ष-दीड वर्ष पाठपुरावा चालतो, रोहित्र येते, नारळ फुटतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेवटच्या गल्लीतला पंखा पूर्वीइतकाच संथ फिरतो. बिघाड रोहित्रात नव्हताच. तो लांबलेल्या बारीक तारेत, न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेच्या, सैल जोडात किंवा आर, वाय, बी या तीन फेजपैकी (वीज आणणाऱ्या तारांपैकी) एकाच फेजवर लादलेल्या भारात होता, आणि तिकडे कोणी पाहिले नव्हते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागात महावितरणच्या वाहिनीवर असलेली गावे, वाड्या आणि शेतीपंपांचे गट डोळ्यांसमोर ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत. प्रत्यक्ष तांत्रिक काम ग्रामस्थांनी करायचे नसून ते महावितरणचे कर्मचारी किंवा परवानाधारक विद्युत कंत्राटदार करतात. परंतु काय मागायचे, कोणत्या क्रमाने मागायचे आणि झालेले काम कसे तपासायचे, हे गावाला ठाऊक नसेल तर चुकीची वस्तू मंजूर होते आणि योग्य वस्तूसाठी पुन्हा दारे ठोठावावी लागतात.

इशारा: डीपीच्या (रोहित्र उभारलेल्या जागेच्या) कुंपणाच्या आत, फ्यूज पेटीत किंवा खांबावर हात घालण्याचा अधिकार फक्त अधिकृत कर्मचाऱ्याला आहे. ‘लाइट गेलेलीच आहे’ असे समजून फ्यूज बदलायला गेलेली माणसे दगावतात, कारण पुरवठा कोणत्याही क्षणी परत येऊ शकतो आणि शेजारच्या इन्व्हर्टरमधून किंवा जनित्रातून उलटही येऊ शकतो.

## टप्पा १: कागद आणि वही

या टप्प्याला चार आठवडे लागतात आणि तो वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो वगळल्यास पुढची प्रत्येक मागणी केवळ भावनेवर उभी राहते.

पहिली गोष्ट म्हणजे नकाशा. मोठ्या कागदावर डीपी मधोमध काढून तेथून निघणाऱ्या प्रत्येक लघुदाब वाहिनीचे (घरांना आणि पंपांना वीज देणाऱ्या तारांच्या ओळीचे) खांब क्रमाने मांडावेत, दोन खांबांमधील अंतर फीत लावून किंवा पावले मोजून लिहावे, आणि कोणत्या खांबावरून कोणत्या घराला किंवा पंपाला जोडणी आहे ते नोंदवावे. वीजबिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार यांच्याबरोबर डीटीसीचा (वितरण रोहित्र केंद्राचा) संकेतांकही छापलेला असतो. त्यामुळे कोणते ग्राहक कागदोपत्री कोणत्या रोहित्रावर आहेत ते बिले गोळा करून कळते. कागदावरचे रोहित्र आणि प्रत्यक्षातले रोहित्र वेगळे निघाले तर ती नोंद आधी दुरुस्त करून घ्यावी, कारण भाराचा हिशेब कार्यालय याच नोंदीवरून मांडते.

दुसरी गोष्ट म्हणजे खंडनोंद वही. तारीख, वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ, हवामान, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेमके काय बंद झाले: सारे गाव, एक डीपी, एक फेज, एक गल्ली की एकच घर. ‘दिवसातून दहा वेळा लाइट जाते’ हे वाक्य कोणत्याही अभियंत्याला काहीच सांगत नाही. ‘चार आठवड्यांत एकोणीस वेळा, त्यापैकी चौदा वेळा फक्त बी फेज, बहुतेक वेळा संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान’ या नोंदीत मात्र निदानाचा अर्धा भाग होऊन जातो. १९१२ या क्रमांकावर किंवा ॲपवर केलेल्या तक्रारीचा क्रमांकही त्याच ओळीत लिहावा.

पडताळणी: एखादा फेज जातो तेव्हा अंधार झालेल्या घरांची यादी तात्काळ करावी. तीन वेळा अशी यादी केली की कोणते घर कोणत्या फेजवर आहे हे खांबावर न चढता समजते.

## टप्पा २: बिघाड कोणत्या पातळीवर आहे

वहीतील नोंदी पाच गटांत वाटाव्यात.

सारे गाव आणि शेजारची गावेही एकाच वेळी बंद होत असतील तर दोष ११ किंवा २२ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उच्चदाब वाहिनीवर अथवा उपकेंद्रात आहे. तेथे गावातील रोहित्र बदलून काहीही साधत नाही. अशा वेळी मागणी वेगळी असावी: वाहिनीखालच्या झाडांची छाटणी, तडकलेले पिन आणि डिस्क इन्सुलेटर बदलणे, आणि लांब वाहिनीचे तुकडे पाडणारे एबी (एअर ब्रेक) स्विच ठरावीक अंतरावर बसवून ते चालू स्थितीत ठेवणे. हा स्विच गंजून अडकलेला असेल तर एका ओढ्याकाठच्या बिघाडासाठी बारा गावे अंधारात बसतात, कारण बिघाड झालेला तुकडा वेगळा काढताच येत नाही. गावठाण आणि शेती एकाच वाहिनीवर असतील तर वाहिनी विभक्त करण्याची मागणी याच गटात येते.

फक्त एक डीपी बंद होत असेल तर रोहित्र, त्यावरील डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज किंवा अतिभार यांपैकी काहीतरी आहे. एकच फेज वारंवार जात असेल तर बहुतेक वेळा असमतोल किंवा जळलेला जोड असतो. एकाच गल्लीत दिवे मंद असतील तर तारेची लांबी आणि जाडी तपासायची असते. एकाच घरात त्रास असेल तर तो सर्व्हिस वायरचा किंवा घरातल्या वायरिंगचा असून त्याला गावाच्या मागणीत जागा नाही.

## टप्पा ३: भार असताना मोजणी

मोजणी दुपारी बारा वाजता केली जाते, ही सर्वांत मोठी आणि सर्वांत सामान्य चूक. तेव्हा कर्मचारी मोकळा असतो, माणसे शेतात असतात, आकडे सुंदर येतात आणि ‘रोहित्र सक्षम आहे’ असा शेरा पडतो. गावठाणाची मोजणी संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, आणि एप्रिल-मे महिन्यांत कूलर चालू असताना व्हावी. शेतीच्या रोहित्राची मोजणी रब्बीच्या ऐन पाण्याच्या पाळीत, थ्री फेज पुरवठा सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात व्हावी.

टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या यंत्राने) चार प्रवाह मोजायचे असतात: तीन फेज आणि चौथा न्यूट्रल. न्यूट्रल मोजलाच नाही तर मोजणी अपुरी समजावी. त्याच क्षणी डीपीवरील व्होल्टेज आणि शेवटच्या खांबावरील घरातील व्होल्टेज, दोन्ही फोनवर बोलत एकाच वेळी नोंदवावेत. घरातले व्होल्टेज प्लगमध्ये बसणाऱ्या साध्या मापकावर कोणालाही वाचता येते. बाकीची मोजणी कर्मचाऱ्याकडूनच करून घ्यावी.

आकडे वाचण्यासाठी आधी रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह माहीत हवा. ४३३ व्होल्टच्या, म्हणजे लघुदाब बाजूला तो ढोबळमानाने २५ केव्हीएसाठी ३३ अँपिअर, ६३ साठी ८४, १०० साठी १३३ आणि २०० साठी २६७ अँपिअर असतो.

आता निदान. डीपीवर २३५ व्होल्ट आणि शेवटच्या घरी १९० असतील तर रोहित्र निर्दोष असून दाब (व्होल्टेज) तारेत गळतो आहे. डीपीवरच २०५ असतील तर उच्चदाब बाजूचा दाब कमी आहे किंवा रोहित्र अतिभारित आहे. प्रवाहाचा आकडा पाहून यातील एक ठरवावे. एका फेजवर १८० आणि दुसऱ्यावर २५५ व्होल्ट दिसले तर तेथेच थांबावे आणि ताबडतोब तक्रार करावी, कारण न्यूट्रल तुटल्याचे किंवा सैल झाल्याचे ते लक्षण आहे आणि काही तासांत टीव्ही-फ्रिज जळू लागतील. २३० व्होल्टला सहा टक्क्यांचा फरक पूर्वापार मान्य धरला जातो, म्हणजे साधारण २१६ ते २४४. आपली वही या दोन आकड्यांशी ताडून पाहावी.

## टप्पा ४: आधी स्वस्त दुरुस्त्या

खर्चिक प्रस्तावाआधी हा टप्पा पूर्ण व्हावा, असा माझा आग्रह आहे. हे काम नियमित देखभालीत मोडते. त्याला वेगळी मंजुरी लागत नाही आणि कित्येक ठिकाणी निम्मा त्रास येथेच संपतो.

न्यूट्रल. लघुदाब वाहिनीतील सर्वांत दुर्लक्षित तार हीच. न्यूट्रल तुटला की दोन वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी जोडली जाऊन चारशे व्होल्टच्या दरम्यान सापडतात. ज्या बाजूला भार कमी, म्हणजे जेथे एखादा दिवा आणि एक टीव्हीच चालू आहे, तेथे जास्त दाब चढतो. म्हणूनच अशा रात्री सगळी घरे सारखी भाजत नाहीत आणि ‘आमच्याकडे काही झाले नाही’ म्हणणारा शेजारी हमखास भेटतो. डीपीपासून शेवटच्या खांबापर्यंत न्यूट्रलचा प्रत्येक जोड, प्रत्येक जंपर (दोन तारा जोडणारा छोटा तुकडा) तपासून घ्यावा. नुसता पीळ देऊन केलेला जोड नामंजूर करावा; जोडासाठी कनेक्टर, आणि तांबे व अॅल्युमिनियम जेथे भेटतात तेथे बायमेटॅलिक (दोन धातूंचा) लगच हवा, कारण या दोन धातूंचा थेट जोड ओलाव्यात गंजतो, तापतो आणि सुटतो.

आर्थिंग. डीपीवर न्यूट्रलसाठी, सांगाड्यासाठी आणि लाइटनिंग अरेस्टरसाठी (आकाशातील विजेपासून बचाव करणाऱ्या साधनासाठी) स्वतंत्र आर्थिंग असायला हवे. पट्टी जमिनीत गेलेली दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. चोरी झालेल्या किंवा आतून कुजलेल्या पट्ट्या वरून धडधाकट दिसतात. आर्थ टेस्टरने रोध मोजावा आणि तो उन्हाळ्यात मोजावा. काळ्या मातीत आर्थिंग सहसा चांगले लागते. मुरमाड माळावर आणि कोकणातील जांभ्यावर मात्र एकाच्या जागी दोन-तीन इलेक्ट्रोड जोडून घ्यावे लागतात. पावसाळ्यात घेतलेला आकडा येथे फसवा ठरतो.

फ्यूज. किटकॅटमध्ये (चिनीमातीच्या फ्यूज धारकामध्ये) योग्य जाडीच्या फ्यूज तारेऐवजी वाहिनीच्या अॅल्युमिनियम तारेचे धागे पिळून भरलेले असतील तर त्या डीपीला संरक्षणच नाही. फ्यूज वितळत नाही, म्हणून रोहित्र वितळते. मला आजवर पाहायला मिळालेल्या जळक्या रोहित्रांपैकी बऱ्याच ठिकाणी फ्यूज पेटीत असेच जाडजूड धागे होते, आणि ते भरणारे हात कर्मचाऱ्यांचेच असतील असे नाही.

तेलाची पातळी, झिरपणारे गॅस्केट, रोहित्रात जाणाऱ्या हवेतील ओलावा टिपणाऱ्या ब्रीदरमधील निळ्याचे गुलाबी झालेले सिलिका जेल, तारांना टेकणाऱ्या फांद्या आणि वाऱ्यात एकमेकींवर आदळणाऱ्या सैल तारांमधले स्पेसर हे सारे त्याच फेरीत उरकावे. ही फेरी मे अखेरपूर्वी व्हावी; मृगाच्या पहिल्या वादळानंतर कर्मचारी बिघाडांमागे धावत असतो, देखभालीसाठी त्याला वेळ उरत नाही.

पडताळणी: दुरुस्तीनंतर टप्पा ३ मधील मोजणी जशीच्या तशी पुन्हा करावी. नवे आकडे हाती नसताना पुढे जाऊ नये.

## टप्पा ५: तीन फेजवर भार सारखा वाटणे

एक उदाहरण घेऊ. १०० केव्हीएच्या रोहित्रावर आर फेजवर १५२, वाय फेजवर ६१ आणि बी फेजवर ८८ अँपिअर आहेत. आर फेजचा फ्यूज रोज रात्री जातो आणि गावाचे म्हणणे असे की रोहित्र अपुरे आहे. परंतु तिन्हींची बेरीज ३०१, म्हणजे प्रत्येकी सरासरी १०० अँपिअर, आणि क्षमता आहे १३३. भार सारखा वाटला तर हेच रोहित्र तीन-चतुर्थांश भारावर शांत चालेल. आजच्या स्थितीत न्यूट्रलमधून सुमारे ८० अँपिअर वाहत असतात. टप्पा ४ मधील जोड जळण्याचे मूळ बहुधा येथेच सापडते.

असमतोल एका दिवसात होत नाही. नवी जोडणी देताना खांबावर जो फेज हाताला सोपा, त्यावर ती टाकली जाते. शिवाय एखादा फेज वारंवार जाऊ लागला की माणसे चांगल्या फेजवर सरकतात आणि चांगला फेजही बिघडतो.

वाटणी करताना घरांची संख्या नव्हे, तर संध्याकाळचा प्रत्यक्ष भार मोजावा. पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, पाणीपुरवठ्याचा पंप, दुधाचे शीतकरण यंत्र यांना आधी जागा द्यावी, मग घरे वाटावीत. वाटणी प्रत्येक वाहिनीवर खांबागणिक व्हावी. डीपीवर तिन्ही आकडे सारखे दिसले, पण एका वाहिनीवर सारी घरे आर फेजवर आणि दुसरीवर सारी वाय फेजवर असतील, तर त्या दोन्ही वाहिन्यांच्या न्यूट्रलवरचा ताण तसाच राहतो.

इशारा: आकडे टाकून घेतलेली वीज या हिशेबात कोठेच दिसत नाही. ती चालू असेपर्यंत समतोल टिकत नाही. आणि विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३५ खाली तो गुन्हा आहे, हे ग्रामसभेत स्पष्ट शब्दांत सांगावे.

## टप्पा ६: शेतीपंपांची शिस्त

रोहित्रावर शेतीपंप नसतील तर हा टप्पा सोडून द्यावा.

पाच अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण ८ अँपिअर घेतो, म्हणजे जवळपास साडेपाच केव्हीए. १०० केव्हीएचे रोहित्र ऐंशी टक्क्यांवर ठेवायचे तर चौदा पंप, ६३ चे असेल तर नऊ. इतके गणित बहुतेकांना पटते. मात्र थेट स्टार्टरवरचा पंप सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो, हे लक्षात घेतले जात नाही. ऑटो स्विच लावलेले वीस पंप पुरवठा येताच एकदम उठले तर मागणी आठशे-नऊशे अँपिअरवर जाते, आणि रोहित्र आहे १३३ अँपिअरचे. व्होल्टेज कोसळते, मोटारी नीट वेग घेत नाहीत, म्हणून जास्त वेळ जास्त प्रवाह ओढतात, आणि फ्यूज जातो. फ्यूज बदलताच तेच पुन्हा घडते.

यावर उपाय दोन असून दोन्ही शेतकऱ्याच्या हातात आहेत. पहिला म्हणजे ऑटो स्विच काढणे, किंवा निदान प्रत्येक पंपाला वेगवेगळा विलंब देणारा टायमर लावणे. दुसरा म्हणजे तारेतून ओढला जाणारा प्रवाह कमी करण्यासाठी मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवणे: सर्वसाधारणपणे ३ अश्वशक्तीला १ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचे एकक), ५ ला २, साडेसातला ३. कपॅसिटर स्टार्टरनंतर, मोटारीबरोबर चालू-बंद होईल असा जोडायचा असतो. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर जोडणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

येथे एकट्याने शहाणे होऊन भागत नाही. वीसपैकी चौघांनी ऑटो स्विच काढले तर पुरवठा येताच उरलेले सोळा पंप आधी उठतात आणि या चौघांना पाणी शेवटी मिळते. पुढच्या आठवड्यात चौघेही स्विच परत लावतात. म्हणून रोहित्रावरच्या सर्वांनी एकाच दिवशी, एकमेकांसमोर ते काढावेत.

## टप्पा ७: तारेची लांबी आणि जाडी

टप्पा ३ मध्ये डीपीवर चांगले आणि टोकाला वाईट व्होल्टेज आढळले असेल तर खरे काम येथे आहे.

गावोगावच्या जुन्या वाहिन्यांवर ३० चौरस मिलिमीटरची विझल नावाची तार किंवा त्याहून बारीक स्क्विरल आढळते. विझलचा रोध दर किलोमीटरला सुमारे ०.९३ ओम असतो, ५० चौरस मिलिमीटरच्या रॅबिटचा सुमारे ०.५५. सहाशे मीटर अंतरावरच्या टोकाला प्रत्येक फेजवर ६० अँपिअरचा मोटारींचा भार असेल, तर विझलवर सुमारे ३४ व्होल्ट गळतात आणि रॅबिटवर सुमारे २३. म्हणजे तार बदलून फरक पडतो, पण पुरेसा पडत नाही. २३० मधून २३ गेले तरी आपण २१६ च्या खालीच राहतो.

आता तीच वाहिनी दुभागली, लांबी निम्मी झाली आणि प्रवाहही निम्मा झाला, तर घट चौथ्या हिश्शावर येते: ३४ ऐवजी साडेआठ व्होल्ट, तेही जुन्या तारेवर. या एका गणितासाठी सारा लेख लिहावा असे मला वाटते. लांब लघुदाब वाहिनीवर मोठे रोहित्र हे उत्तर जवळजवळ कधीच नसते. भाराच्या मध्याजवळ दुसरे छोटे रोहित्र, हेच बहुतेक वेळा उत्तर असते. महाराष्ट्रात २०१८ पासून कृषिपंपांसाठी राबवलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन पंपांमागे एक छोटे रोहित्र देण्यामागे हेच तत्त्व होते.

दाट वस्तीत, अरुंद गल्लीत किंवा झाडीतून जाणाऱ्या भागात उघड्या तारेऐवजी एबी केबल (एकत्र पिळलेल्या आवरणयुक्त तारा) मागावी. वाऱ्याने तारा भिडत नाहीत, फांदी टेकली तरी फ्यूज जात नाही, आकडाही टाकता येत नाही. मात्र तिची जाडी उघड्या तारेइतकी ‘दिसते’ म्हणून कमी क्षेत्रफळाची केबल मान्य करू नये, आणि केबलला मध्ये कोठेही सोलून जोडणी घेऊ देऊ नये.

पडताळणी: रस्ता ओलांडणारी उघडी लघुदाब तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर, रस्त्याच्या कडेने जाणारी ५.५ मीटर हवी. ११ केव्हीसाठी हेच आकडे ६.१ आणि ५.८ मीटर आहेत. उसाच्या भरलेल्या ट्रॉलीचा मार्ग डोळ्यांसमोर ठेवून, आणि दुपारच्या उन्हात झोळ सर्वांत जास्त असताना हे मोजावे.

## टप्पा ८: रोहित्राचा निर्णय

समतोल साधून, पंपांना शिस्त लावूनही तिन्ही फेजवरचा प्रवाह पूर्ण भाराच्या ऐंशी टक्क्यांवर राहत असेल, तरच क्षमतावाढ किंवा अतिरिक्त रोहित्र मागावे.

वस्ती डीपीभोवती दोनशे-अडीचशे मीटरमध्ये दाटलेली असेल तर क्षमतावाढ योग्य. त्यापुढे पसरली असेल तर अतिरिक्त रोहित्र. क्षमतावाढीत एक चूक वारंवार होते: टाकी बदलते, पण खालची फ्यूज पेटी, रोहित्रापासून पेटीपर्यंतची केबल आणि वाहिनीचा पहिला टप्पा जुनाच राहतो. २६७ अँपिअर देऊ शकणाऱ्या रोहित्राला १३३ साठी घातलेली केबल जोडली तर पुढचा बिघाड कोठे होणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून मागणीपत्रात रोहित्राबरोबर पेटी, केबल आणि आर्थिंग यांचा स्पष्ट उल्लेख असावा.

अतिरिक्त रोहित्राची जागा ठरवताना पुराचे पाणी, गाडी पोहोचण्याचा रस्ता आणि घरांपासूनचे अंतर पाहावे. ११ केव्हीची तार इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर आणि छपरापासून उभी ३.७ मीटर दूर असावी लागते. डीपी दारात नको, पण व्होल्टेज डीपीजवळचेच हवे, हा वाद प्रत्येक गावात होतो. तो खांब उतरवण्याच्या दिवशी होण्याऐवजी आत्ताच मिटवावा आणि जागामालकाचे लेखी संमतीपत्र सातबाऱ्यासह घेऊन ठेवावे. माझ्या पाहण्यातले एक मंजूर काम आठ महिने केवळ तोंडी होकारामुळे अडकले. खड्डे खणायला माणसे आली तेव्हा होकार देणारे वडील नव्हते आणि मुलाला ते ठाऊक नव्हते.

## टप्पा ९: प्रस्ताव

अर्ज शाखा कार्यालयात द्यावा, प्रत उपविभाग व कार्यकारी अभियंता कार्यालयाला द्यावी, आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. सोबत पाच गोष्टी जोडाव्यात: नकाशा, खंडनोंदीचा गोषवारा, दुरुस्तीपूर्वीची व नंतरची मोजणी, संमतीपत्र आणि ग्रामसभेचा ठराव. ठरावात ‘२०० चे रोहित्र’ असे लिहून हात बांधून घेऊ नयेत. दोष आणि मोजलेले आकडे लिहून संयुक्त पाहणीची मागणी करावी.

पाहणीनंतर अंदाजपत्रक तयार होते, त्याला तांत्रिक मंजुरी मिळते आणि मग निधीचा प्रश्न येतो. महावितरणचा स्वतःचा आराखडा, केंद्राची २०२१ मध्ये सुरू झालेली सुधारित वितरण क्षेत्र योजना, जिल्हा नियोजन समिती आणि आमदारांचा स्थानिक विकास निधी हे नेहमीचे मार्ग आहेत. काम कोणत्या शीर्षाखाली धरले आहे हे लेखी विचारावे, कारण दोन शीर्षांच्या मध्ये पडलेला प्रस्ताव कोणाच्याच यादीत नसतो.

दाद मागायची वेळ आली तर आधी कंपनीची अंतर्गत तक्रार यंत्रणा, मग विद्युत कायद्याच्या कलम ४२ (५) खालील ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यानंतर कलम ४२ (६) खालील विद्युत लोकपाल, असा क्रम आहे. आवक क्रमांक असलेले कागद आणि टप्पा १ ची वही येथेच उपयोगी पडतात.

## टप्पा १०: कामाचा दिवस

पुरवठा बंद करण्याची परवानगी लेखी घेतलेली असावी आणि ती ज्याच्या नावे घेतली, त्याच्याच सहीने परत व्हावी. काम सुरू होण्याआधी वाहिनी डिस्चार्ज करून कामाच्या दोन्ही बाजूंना तात्पुरते आर्थिंग जोडले जाते. ते दिसत नसेल तर विचारायला संकोच करू नये. गावाची जबाबदारी एवढीच, की त्या दिवशी जनित्र, इन्व्हर्टर आणि छतावरील सौर यंत्रणा असलेल्या प्रत्येक घराला आदल्या संध्याकाळी निरोप पोहोचलेला असावा. जनित्र मुख्य वाहिनीपासून वेगळे करणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर ते त्या दिवशी बंदच ठेवावे.

रोहित्र उतरवताच नावपाटीचा फोटो काढावा: क्षमता, अनुक्रमांक, निर्मितीचे वर्ष, आयएस ११८० चा उल्लेख. दुरुस्त करून आलेले रोहित्र असेल तर मेगर (इन्सुलेशनच्या) चाचणीचे आणि तेलाच्या चाचणीचे आकडे पाहण्याची विनंती करावी. भारित करण्यापूर्वीची (वीज सोडण्यापूर्वीची) विद्युत निरीक्षकांची तपासणी किंवा लागू असलेले प्रमाणन पूर्ण झाल्याची खात्री करावी.

भारित करण्याचाही क्रम आहे. प्रथम लघुदाब फ्यूज काढून रोहित्र बिनभाराने चालू करावे, तिन्ही फेजचे व्होल्टेज मोजावे, आवाज व गळती पाहावी, आणि काही वेळाने एकेक वाहिनी जोडावी. रोहित्रावर व्होल्टेज कमी-जास्त करणारा टॅप असल्यास तो फक्त पुरवठा पूर्ण बंद असतानाच बदलता येतो. टोकाला दाब वाढावा म्हणून तो वर चढवला तर रात्री भार उतरल्यावर डीपीजवळच्या घरांना अडीचशेच्या पुढे व्होल्टेज मिळते.

इशारा: फेजचा क्रम बदलला तर थ्री फेज मोटारी उलट्या फिरतात. पाणीपुरवठ्याचा पंप, गिरणी आणि दोन-तीन शेतीपंप क्षणभर चालवून दिशा तपासल्याशिवाय कर्मचाऱ्यांना निरोप देऊ नये.

## टप्पा ११: पहिला महिना आणि पहिला हंगाम

काम झाल्याच्या आठवड्यात, पुन्हा संध्याकाळी, पुन्हा तीच चार प्रवाहांची आणि दोन व्होल्टेजची मोजणी करावी आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहावी. अॅल्युमिनियमचे जोड तापून-निवून सैल होतात, म्हणून महिन्याभराने जंपर, लग आणि न्यूट्रलचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. मावळतीनंतर ऐन भारात थर्मल कॅमेऱ्याने पाहिले तर तापलेला जोड लगेच ओळखू येतो.

त्यानंतर प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी नकाशावर खांब, फेज आणि भार नोंदवण्याचे काम ग्रामपंचायतीतील एका ठरावीक व्यक्तीकडे लेखी सोपवावे. वही किमान एक उन्हाळा आणि एक रब्बी चालू ठेवावी. रब्बीची मोजणी पहिल्या थ्री फेज पाळीला, आणि उन्हाळ्याची अक्षय्य तृतीयेच्या सुमारास करावी, म्हणजे देखभालीच्या फेरीसाठी मे अखेरपर्यंत वेळ हाती राहतो.